पट्ट्यावरचा अंगठा

"मग अप्पा, आता तरी मला मठात घेणार ना?"

मल्लिनाथनं हे जीपच्या बॉनेटखालून विचारलं. मठाचे म्हातारे स्वामी, ज्यांना सगळं गाव अप्पा म्हणे, त्याच्या अंगणात बाजेवर बसले होते.

"घाई काय हाय?"

"घाई न्हाई. पण आता अडकलंय कशात? सुगलाला माती दिली तवा सगळं गाव रडलं. माझ्या डोळ्याला टिपूस न्हाई. अजून न्हाई. मोह सुटला की माणूस असाच होतो, हे तुम्हीच सांगता."

अप्पांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

सुगला त्याची बायको. उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून मल्लिनाथ आपलं वैराग्य येईल-जाईल त्याला ऐकवत होता. खरं वैराग्य असं दारोदार सांगावं लागत नाही, पण हे त्याला कोण सांगणार? जीप मठाला द्यायची, घराला कुलूप लावायचं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. द्यायची तर ठणठणीत द्यायची, म्हणून आज इंजिनाचा झिजलेला पट्टा बदलायला घेतला होता.

जुना पट्टा काढून त्यानं खाली टाकला.

"आता चालू कर," अप्पा म्हणाले.

"पट्ट्याशिवाय?"

"कर की."

इंजिन लगेच चालू झालं. पंखा जागचा हलला नाही. आवाज मात्र उलट हलका झाला होता.

"चालतंय की रे."

"थोडा वेळ चालतंय, अप्पा. पंप फिरत न्हाई, इंजिन गार ठेवणारं पाणी खेळत न्हाई. वरून कायबी कळत न्हाई, आतून तापत जातंय. मग एकदम इंजिनच जातंय." त्यानं घाईनं चावी फिरवून ते बंद केलं.

"असं होय..."

नवा पट्टा चढला. पुढचं काम दोघांचं. एकानं दांड्यानं डायनामो रेटून पट्टा ताणून धरायचा आणि बोल्ट आवळायचा; दुसऱ्यानं पट्ट्यावर मधोमध अंगठा दाबून ताण सांगायचा. या घरात तो अंगठा कायम सुगलाचा. ती भाकरी टाकून तशीच यायची आणि पट्ट्याला पीठ लागतं म्हणून हा तिच्यावर खेकसायचा.

मल्लिनाथनं दांडा रेटला. दुसऱ्या हातानं पाना बोल्टला लावला. मान वर न करता म्हणाला,

"सुगला, दाब गं जरा. हात पुसून ये."

पट्ट्यावर अंगठा आला नाही...

दांडा त्यानं तसाच धरून ठेवला. आधी त्याचे खांदे हलले. मग तो रडला, अगदी मोठ्यानं, लहान मुलासारखा. शेजारचे दारात आले आणि तसेच आत गेले. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

अप्पा उठले. उपरण्याला हात पुसले. पट्ट्यावर मधोमध अंगठा ठेवला.

"मी कच्चाच राहिलो, अप्पा," तो कसाबसा म्हणाला. "आता मठात..."

दांडा अजून त्याच्या हातात होता. तो नाक ओढत पाना चाचपायला लागला.

अप्पांनी दुसरा हात त्याच्या मनगटावर ठेवला.

"बोल्ट राहू दे," ते म्हणाले. "आधी पाणी खेळू दे."