मूठभर कोरडे तांदूळ

सरकारांच्या देवघरातली सोन्याची वाटी गेली आणि संशय आला रोज फुलं पोचवणाऱ्या सगुणेवर. कोतवाल हंबीरराव चोर ओळखायची एकच रीत मानत. संशयिताने मूठभर कोरडे तांदूळ चावून केळीच्या पानावर थुंकायचे. भिजलेले निघाले तर तो निर्दोष, कोरडे निघाले तर चोर. आणि चोराचा उजवा हात तिथल्या तिथे तोडायचा.

दरबारात तलवार उपसलेला शिपाई अगदी शेजारी उभा होता. सगुणेनं कसेबसे तांदूळ तोंडात घातले. जीभ टाळ्याला चिकटली होती. चावून चावून ती थुंकली, तर पानावर नुसता पांढरा भुगा पडला.

"बघा सरकार! निर्दोष माणसाला भीती कशाची? कर गं हात पुढे!" कोतवाल गरजले.

सगुणा बोलली, "सरकार, देवघराची दुसरी किल्ली कोतवालसाहेबांकडेच असते. मग त्यांनीही चावावेत की. याच तलवारीखाली."

सरकारांनी शिपायाला खूण केली. तलवार मनगटाला टेकली तसा कोतवालांच्या कपाळावर घाम फुटला, पण तोंडात थेंब येईना. पानावर त्यांचाही कोरडाच भुगा पडला.

सरकारांच्या भुवया चढल्या. "काय हो हंबीरराव?"

"मी चोर नाही, सरकार! घाबरलो म्हणून तोंड कोरडं पडलं!"

सगुणेनं आपला हात हळूच पदराखाली घेतला. "माझंही तेवढंच म्हणणं होतं, सरकार."