न सोडलेले गाठोडे

एकदा एक वृद्ध आचार्य घाट चढून माथ्यावरच्या मुलखात एका जुन्या स्नेह्याला भेटायला निघाले, आणि त्यांच्या सोबतीने आपणही जावे असे त्यांच्या एका शिष्याने ठरवले. शिष्याचे नाव विश्वंभर. त्याची सासुरवाडी त्याच मुलखात होती. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. 'नात एकदा डोळ्यांनी बघू द्या,' असा त्यांचा निरोप दोनदा येऊन गेला होता. विश्वंभराची पत्नी मैनावती तो निरोप ऐकल्यापासून घास गिळत नव्हती. मुलगी नुकती बसायला लागलेली; तिला घेऊन घाट चढायचा म्हणजे धाडसच. पण आता थांबण्यात अर्थ नव्हता.

आचार्यांची कीर्ती अशी, की त्यांनी सारी तीर्थे एक पंचा, एक लोटा आणि खांद्यावरची लहानशी झोळी एवढ्यावर पायी पालथी घातली होती. अपरिग्रह हा त्यांचा आवडता विषय. विश्वंभर त्यावर भान हरपून ऐकत असे, आणि आपणही गुरूंसारखे हलके, मोकळे व्हावे असे त्याला मनापासून वाटे.

निघण्याच्या आदल्या दिवशी मैनावती गाठोडे बांधत होती. लंगोट, झबली, दुपटी, कानावरून घट्ट बसणारी कुंची, अंग चोळायचे तेल, ओव्याची पुरचुंडी, बाळगुटीच्या औषधांचा डबा, लेकीला निजवायची झोळी बांधायला जुने लुगडे, जाड घोंगडी. सगळ्यांत खाली तिने बाळगुटी उगाळायची सहाण ठेवली.

"अगं, दगड घेऊन घाट चढायचा का?" विश्वंभर म्हणाला.

"गुटी कशावर उगाळू? पोट दुखायला लागलं तर वाटेत काय करायचं?"

"वाटेत दगड काय कमी आहेत?"

"वाटेतल्या दगडावर उगाळलेलं मी लेकीच्या तोंडात घालायची नाही," ती म्हणाली आणि गाठ मारून मोकळी झाली.

विश्वंभर उठून बाहेर गेला. पण उद्या सकाळी गुरूंच्या मागे आपण हे भले थोरले गाठोडे डोक्यावर घेऊन चालणार, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. सोबतचे शिष्य निरोप द्यायला येणार, ते काय म्हणतील? पहाटे मैनावती लेकीला पाजत बसलेली असताना त्याने गाठोडे सोडले. घोंगडी, जादाची दुपटी, लुगडे, औषधाचा डबा, सहाण, सारे भाताच्या कणगीमागे सारले आणि उरलेल्याची सुटसुटीत वळकटी करून खांद्याला लावली. मैनावती बाहेर आली तेव्हा सगळे निरोपाच्या गडबडीत होते. कडेवर लेक आणि डोळ्यांत पाणी. वळकटीकडे तिचे लक्ष गेले नाही.

घाटाच्या पायथ्याशी देवीचे देऊळ होते. तिथे टेकून, मग चढायचे असा बेत. ओसरीवर बसल्यावर मैनावतीने वळकटी सोडली, आणि तिचे हात थबकले. तिने दोन झबली उचलून पाहिली, पुन्हा खाली ठेवली.

"बाकीचं कुठंय?"

"घरी, कणगीमागं," विश्वंभर म्हणाला. "एवढं लागत नाही गं. दोन दिवसांचा तर प्रवास."

ती भांडली नाही. भांडली असती तर त्याला बरे वाटले असते. तिने लेकीला पदराखाली घेतले, पण लेक पिईना. तोंड फिरवून रडू लागली. मैनावतीने तिला उभे धरले, आडवे धरले, पाठीवर थोपटले. तिचे स्वतःचेच हात कापत होते, आणि ते कापणे जणू लेकीच्या अंगात उतरत होते. वरून घाटातला गार वारा येत होता.

"मी पुढं येत नाही," अखेर ती म्हणाली.

"आणि तुझे वडील?"

त्या प्रश्नासरशी तिचा बांध फुटला. "त्यांच्यासाठीच निघाले ना मी? पण वर माथ्यापर्यंत एक घर नाही. हिला थंडी बाधली, पोट धरलं, तर मी कुणाच्या दारात जाऊ?"

विश्वंभराने आवाज खाली आणला. "जरा गुरुजींकडे बघ. एका पंच्यावर सगळा देश फिरले ते."

"फिरले असतील," डोळे पुसत मैनावती म्हणाली. "तान्हं मूल घेऊन फिरले का?"

आचार्य ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. त्यांनी ऐकले की नाही, कळले नाही. ते उठले, झोळी खुंटीला अडकवली आणि पायऱ्या उतरून गेले. नदीवर गेले असतील असे विश्वंभराला वाटले. पण दुपार झाली तरी त्यांचा पत्ता नाही. देवळाच्या गुरवाने मैनावतीला आत नेले, त्याच्या बायकोने तांदळाची पातळ कण्हेरी करून दिली. विश्वंभर दीपमाळेपाशी वाटेकडे डोळे लावून उभा राहिला.

उन्हे कलताना वाटेवर एक वाकलेली आकृती दिसली. डोक्यावर गाठोडे. जवळ आल्यावर विश्वंभराने ओळखले. ते आचार्य होते. आल्या वाटेने ते पुन्हा गावात गेले होते. विश्वंभराच्या आईकडून त्यांनी कणगीमागच्या साऱ्या वस्तू मागून घेतल्या होत्या आणि हे सगळे ओझे स्वतःच्या डोक्यावर घेऊन परत आले होते. त्यांनी गाठोडे मैनावतीपुढे ठेवले आणि घाम पुसत एवढेच म्हणाले, "मुली, बघून घे. काही राहिलं असेल तर सांग."

तिने सहाणेवरून हात फिरवला. 

त्या रात्री सारे देवळातच राहिले. सकाळी निघताना विश्वंभर गाठोडे उचलायला धावला, पण आचार्यांनी त्याचा हात बाजूला केला. "तू माझी झोळी घे," ते म्हणाले, आणि गाठोडे पुन्हा आपल्या डोक्यावर घेतले. चढ उभा होता. पावलापावलावर त्यांचा श्वास लागत होता. मागून चालणाऱ्या विश्वंभराला ती हलकीफुलकी झोळी निखाऱ्यासारखी वाटत होती. खाली उतरणारे लाकूडतोडे थांबून हसले. "आजोबा, नातीचा संसार घेऊन निघालात का?"

"होय, नातीचाच आहे," आचार्य म्हणाले आणि चालू लागले.

मैनावती पुढे होती. अर्ध्या घाटात झाडाखाली बसून तिने लेकीला पाजले. लेक पोटभर प्यायली आणि आईच्या खांद्यावर मान टाकून झोपली. थोड्या वेळाने मैनावती काहीतरी गुणगुणू लागली. निघाल्यापासून तिचा असा आवाज विश्वंभराने ऐकला नव्हता.

माथ्यावर पोचल्यावर आचार्यांनी गाठोडे खाली ठेवले. विश्वंभराने त्यांचे पाय धरले.

"गुरुजी, मी चुकलो हे मला कळतंय. पण एक कळत नाही. एवढा घाट चढलो, हे गाठोडं एकदाही सोडावं लागलं नाही. ना गुटी लागली, ना घोंगडी. मग आपण हे कष्ट कशासाठी घेतलेत?"

आचार्य थोडा वेळ दम खात बसले. मग म्हणाले, "विश्वंभरा, वाटभर तू गाठोड्याकडे पाहत होतास. मी या मुलीकडे पाहत होतो. काल लेक हिच्याजवळ पीत नव्हती, आज प्यायली. काल हिचे हात कापत होते, आज ही गात होती. गाठोडं सोडलं नाही हे खरं. पण पायथ्यापासून माथ्यापर्यंत क्षणोक्षणी ते हिच्या उपयोगी पडत होतं."

"पण अपरिग्रह..."

"मी एका पंच्यावर राहतो. थंडी पडली तर मी कुडकुडतो. ती थंडी माझी, म्हणून बाकीचं सोडण्याचा अधिकारही माझा. तू घोंगडी सोडलीस, तेव्हा कुडकुडणार कोण होतं?"

विश्वंभराने मान खाली घातली. तो म्हणाला, "गुरुजी, खरं सांगू? मी तत्त्वासाठी काढलं नाही ते. आपल्यामागून असं ओझं घेऊन चालायची मला लाज वाटली."

आचार्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "वाटते तशी लाज," ते म्हणाले. "म्हणून तर मी ते उचललं. आता तुला ते घेऊन माझ्यामागून चालायला काही वाटायचं नाही."

विश्वंभराने गाठोडे डोक्यावर घेतले.

तिसऱ्या प्रहरी ते सासुरवाडीला पोचले. मैनावतीने लेकीला वडिलांच्या डाव्या बाजूला, चालत्या हाताशी निजवले.  म्हातारा बोटांनी नातीचे कपाळ, भुवया, गाल चाचपत राहिला. तिने त्याचे बोट मुठीत धरले आणि तोंडात घातले. तेव्हा मात्र त्याला हसू आले, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहू लागले. उंबऱ्यात उभा असलेला विश्वंभर मनात म्हणाला, माझ्या हलकेपणापायी हे सारे पायथ्यावरून माघारी जाणार होते.

काही दिवसांनी परतायची वेळ आली. मैनावती पुन्हा सामान मांडून बसली. या खेपेस तिच्या आईने नातीसाठी शिवलेली नवी दुपटी होती, मेतकुटाचा डबा होता, आणखीही बरेच काही. विश्वंभर तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि एकेक दुपटे उचलून घडी करू लागला.

"अहो, जड होईल," तीच म्हणाली.

"होऊ दे," तो म्हणाला. "आणखी काय घ्यायचंय?"

आपल्या माणसाच्या पिशवीतली एखादी वस्तू जेव्हा आपल्याला निरर्थक वाटते, तेव्हा ती बाहेर काढण्याआधी एवढे तरी विचारावे, की ती नसताना झोप कोणाची उडणार आहे.