गमभनच्या पुढचा धडा

एका राज्यात विद्यापीठाचा कळस बारा कोसांवरून दिसे. पण तिशीच्या आतल्या एकाही माणसाला स्वतःचं नाव लिहिता येत नसे. सकाळी शिकलेलं अक्षर सूर्य मावळला की मनातून पुसलं जाई. काळ्या गडावरच्या कुहक नावाच्या मांत्रिकानं बावीस वर्षांमागे हा शाप घातला होता. का घातला, हे कुणी विचारलं नव्हतं.

राज्याच्या टोकाच्या गावी दाजीबा पंतोजी शाळा चालवी. रोज सकाळी धूळ पसरायची, मुलांची बोटं धरून ग, म, भ, न काढून घ्यायचे, आणि उद्या पुन्हा ग. बावीस वर्षांत पाचवं अक्षर आलं नाही. धूळही तो सुपात पसरी. कारण थोरल्या महाराजांनी गावोगावच्या धूळपाट्या गोळा करून त्या सागवानाचं विद्यापीठाला महाद्वार केलं होतं.

शाळेत पहिल्या ओळीत त्याची स्वतःची लेक बसे. गौतमी तिचं नाव, वय वीस. तिला वैद्य व्हायचं होतं. गावच्या वैद्यबुवांची नजर मंद झाली होती, आणि बरण्यांवरची नावं वाचणारं मागं कुणी नव्हतं. एकदा बुवांनी वासावरून काढा दिला, तर शेजारची म्हातारी तीन दिवस शुद्धीवर आली नाही.

"बावीस वर्षं तेच चार," दाजीबाची बायको म्हाळसा म्हणे. "एवढ्यात दगडसुद्धा शिकला असता."

"दगड मिळाला असता तर त्यालाही बसवला असता," दाजीबा म्हणे आणि सूप काखोटीला मारून निघे.

त्या वर्षी राजा प्रसेनानं दवंडी पिटवली. राज्यात विद्येची नवी व्यवस्था होणार. बालशाळा, मोठी शाळा, विद्यापीठ, तिन्ही पायऱ्या सुधारणार. दाजीबा दरबारी गेला. प्रधानानं अठरा हात लांब कागद उलगडला. पहिले बारा हात विद्यापीठाचे होते, पुढचे सहा मोठ्या शाळेचे.

"आणि बालशाळा?" दाजीबानं विचारलं.

"कागद संपला," प्रधान म्हणाला.

राजा हसला नाही. तो म्हणाला, "पंतोजी, शाप आहे तोवर हा कागद व्यर्थ आहे. तीन महापंडित गडावर पाठवले. एकही परतला नाही."

"मी जाऊन येतो, महाराज. मात्र शाप उतरला तर कागद खालून लिहायला घ्यावा."

"दिला शब्द."

भाकरी, सात हिरव्या मिरच्या आणि सूप घेऊन दाजीबा गडाशी पोहोचला. गडाला तीन मजले होते. खालच्या दाराशी दगडाचा पहारेकरी उभा होता. तो बोलला, "सूर्यास्ताआधी मला एक अक्षर शिकव. नाहीतर तुझी पोथी होईल."

"आधीचे पंडित काय म्हणाले?"

"त्यांनी व्याकरण सांगितलं."

"तू बैस," दाजीबा म्हणाला. त्यानं धूळ पसरली, दगडाचं थंड बोट आपल्या हातात घेतलं आणि ग काढला. पुसला. पुन्हा काढला. दुपारपर्यंत त्याची बोटं सोलली. उन्हं कलली तेव्हा दगडानं एकट्यानं ग काढला. बोटाच्या जोरानं सुपाला भोक पडलं, पण अक्षर गोल आलं. दार उघडलं.

'म्हाळसेला सांगायला हवं,' दाजीबाच्या मनात आलं.

सकाळी तो मधल्या मजल्यावर गेला. तिथे पोपट होता. त्याला चौदा विद्या मुखोद्गत होत्या.

"माझ्याकडून माझं स्वतःचं एक वाक्य वदवून घे," पोपट म्हणाला. "हेही वाक्य मला शिकवलेलंच आहे."

दाजीबा जेवायला बसला. "बे दुणे किती?"

"बे दुणे चार," पोपट म्हणाला.

"बरोबर. बे दुणे मिरच्या तुझ्या." आणि त्यानं तीन मिरच्या पुढे ठेवल्या. उरलेल्यातली एक उचलून स्वतः भाकरीसंगे कडकन चावली.

पोपटानं मिरच्यांकडे पाहिलं, दाजीबाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पिसं फुलवून ओरडला, "लबाडा! माझी चौथी मिरची कुठं गेली?"

दार उघडलं. दाजीबानं चौथी मिरची त्याला देऊन टाकली.

वरच्या मजल्यावर कुहक बसला होता. भोवती हजार ग्रंथ, आणि लाल फडक्यात बांधलेल्या तीन नव्या पोथ्या. एका पोथीतून खोकल्याचा आवाज येत होता.

"मी कधीच उच्चारले नाहीत असे शब्द माझ्याकडून वदवून घे," कुहक म्हणाला. "तुला एकच प्रश्न आहे. खाली हरलेल्या या तिघांनाही एकेक दिला होता. त्यांनी ताऱ्यांची अंतरं विचारली. मी सांगितली."

दाजीबाची नजर कुहकाच्या उजव्या हातावर गेली. तर्जनीचं टोक झिजून गुळगुळीत झालं होतं. तसं बोट राज्यात एकाच धंद्याच्या माणसाचं होतं. त्यानं आपलं बोट त्याच्या बोटाशेजारी धरलं.

"तुमचीही पाटी त्या महाद्वारात गेली, पंतोजी?"

कुहकाचा चेहरा हलला. "सोळा पाट्या. शिपाई घेऊन गेले तेव्हा मुलं रांगेत बसून होती. म्हणून म्हटलं, कुणालाच काही न येवो."

"मग माझा प्रश्न हा. त्या रांगेत शेवटी बसणारं मूल कोण होतं, आणि त्याचं पुढं काय झालं?"

"केतकी नाव तिचं. ग उलटा काढायची," कुहक चटकन म्हणाला. मग थांबला. हजार ग्रंथांकडे त्यानं पाहिलं. त्यांत केतकी नव्हती. शेवटी तो हलक्या आवाजात म्हणाला,

"मला ठाऊक नाही."

गडाचा काळा रंग पाण्यासारखा ओघळून गेला. पोथ्यांचे पंडित झाले. ते अंग झाडत उठले.

"चला, शोधू तिला," दाजीबा म्हणाला. कुहक त्याच्यामागून उतरला.

राजानं शब्द पाळला. महाद्वार उतरवलं आणि त्याच्या पुन्हा पाट्या झाल्या. प्रधानानं नवा कागद घेतला व पहिल्या ओळीत 'बालशाळा' लिहिलं. तिघे पंडित खेड्यांत शिकवायला गेले. कुहकाला त्याची जुनी शाळा मिळाली. केतकी तिथं आपल्या दोन लेकरांना घेऊन आली आणि स्वतःही बसली.

दाजीबा नव्या पाट्या घेऊन घरी पोहोचला आणि त्याच दिवशी मुलांकडून चारही अक्षरं काढून घेतली. दुसऱ्या सकाळी त्यानं पाटीवर धूळ पसरली, सवयीनं हात पुढे केला आणि म्हणाला, "हं, ग..."

कुणी बोट पुढे केलं नाही. सगळ्यांच्या पाट्यांवर ग, म, भ, न आधीच काढलेले होते.

"हे कालचे आहेत," गौतमी म्हणाली. "पंतोजी, पुढचं?"

दाजीबावर बावीस वर्षांत पुढचं शिकवायची वेळच आली नव्हती. डोळे पुसून तो मुलांमध्ये मांडी घालून बसला.

"थांबा जरा," तो म्हणाला. "मला आठवू द्या."

मुलं थांबली. शाळेत कुणालाच घाई नव्हती. कालचं आता जागच्या जागी होतं.