कुंपणाची दुसरी बाजू

एकदा एक वृद्ध गुरू हिमालयातल्या एका गावाबाहेर कुटी बांधून राहत होते. उपदेश करण्याचा त्यांना कंटाळा होता, झाडे छाटण्याचा मात्र मुळीच नव्हता. गावात कुणाच्या बागेत काही वाळले, किडले की लोक त्यांना बोलावत आणि ते करवत घेऊन निघत. गोदाकाठाहून न्याय आणि वेदान्त शिकून आलेला त्यांचा शिष्य टोपली घेऊन मागे चाले. ब्रह्मज्ञानासाठी एवढा डोंगर चढलो आणि हाती टोपली आली, असे त्या बिचाऱ्याला रोज वाटे.

फाल्गुनात एके दिवशी गावातल्या लोकरीच्या व्यापाऱ्याने त्यांना बोलावले. त्याच्या बागेला थुनेरचे कुंपण होते. आपल्याकडे मेंदीचे कुंपण असते, तसे हे. थुनेर बारमाही हिरवा असतो, पाने बारीक आणि काळपट, आणि वाढ इतकी संथ की लावणाऱ्याचा धीर सुटावा. दर वर्षी छाटला तर भिंतीसारखा दाट होतो. लक्ष दिले नाही तर आपण मुळात मोठे झाड आहोत, हे त्याला आठवू लागते.

या कुंपणाची छाटणी व्यापाऱ्याचा एकुलता एक मुलगा करत असे. दोन वर्षांपूर्वी तो तापाने गेला, ऐन बाविशीत. तेव्हापासून कुंपणाला कुणी पाते लावले नव्हते. वरचा भाग माजून पसरला होता, आणि त्याच्या सावलीत घराकडची बाजू खालून वाळत चालली होती.

"ठेवण्यासारखं असेल तर ठेवा, नाहीतर मुळासकट काढा," व्यापारी म्हणाला. "येता-जाता बघवत नाही."

दारात त्याची पत्नी उभी होती. ती म्हणाली, "काढून टाकतील, यांना काय! पोटचा पोर गेला आणि चौदाव्या दिवशी दुकान उघडून बसले. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. बाबा, माझं तर ठरलंय. वैशाखात बर्फ सरून वाट मोकळी झाली की भाऊ घोडी पाठवणार आहे. मी त्याच्याकडे जाते, कायमची. तेवढं कुंपण मात्र जगवा. माझ्या लेकाचा हात लागलाय त्याला."

व्यापाऱ्याने चपला घातल्या आणि तो दुकानाकडे निघून गेला.

गुरूंनी कुंपणाभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग करवत घेतली आणि घराकडच्या बाजूची एकूण एक फांदी खोडापर्यंत कापून काढली. पान म्हणून ठेवले नाही. संध्याकाळपर्यंत त्या बाजूला नुसती तपकिरी खोडे आणि खुंट उरले. रस्त्याकडच्या बाजूला मात्र त्यांनी बोटही लावले नाही. ती जशी माजली होती, तशीच राहिली.

ते दृश्य पाहून व्यापाऱ्याची पत्नी धावत बाहेर आली. "मारलंत हो तुम्ही त्याला!"

शिष्यालाही ते पटले नव्हते. या झाडाचा पाला विषारी, गुराच्या तोंडी लागला तर गूर जिवानिशी जाते, म्हणून तो दिवसभर गवतातून एक-एक डहाळी वेचत होता. कंबर धरली होती, त्यामुळे तर्कशास्त्र जरा जास्तच जागे झाले. "गुरुजी, छाटणी हिताची असेल तर दोन्ही बाजूंची करायला हवी. अहिताची असेल तर एकीचीही नको. हे अर्धवट कर्म कशासाठी?"

"टोपली भरली का?" गुरूंनी विचारले. मग ते त्या बाईंकडे वळले. "माई, रोज सकाळी या लाकडांवरून एकदा हात फिरवून बघा. हाताला काही लागलं तर निरोप पाठवा."

"या सरपणावर काय लागणार हाताला?"

"आज काही नाही," गुरू म्हणाले.

चैत्र गेला. वैशाखात भावाने पाठवलेली घोडी दारात येऊन उभी राहिली. बाईंनी त्या सकाळीही खोडांवरून हात फिरवला. लाकूड कोरडेच होते. पण पाय निघेना. कुंपणाचा काय तो निकाल लागू दे, मग येते, असे सांगून त्यांनी घोडी परत पाठवली. बांधलेले गाठोडे मात्र सोडले नाही.

ज्येष्ठात कुटीवर निरोप आला, तोही पळत.

गुरू-शिष्य पोहोचले तेव्हा बाई कुंपणापाशी गुडघे टेकून बसल्या होत्या. "हात लावून बघा," त्या कुजबुजल्या, जणू मोठ्याने बोलले तर काही मोडेल. शिष्याने हात लावला. मनगटाएवढ्या जुन्या, तडकलेल्या लाकडावर, जिथे डोळा नव्हता, अंकुर नव्हता, तिथे साल फोडून मोहरीएवढे हिरवे ठिपके वर आले होते. एका खोडावर नव्हे, सगळ्या खोडांवर, खालपासून वरपर्यंत, शेकड्यांनी. कुठे कुठे त्यांतून पोपटी पाने डोकावत होती, इतकी कोवळी की बोट लावायला भीती वाटावी. शिष्याने आयुष्यभर 'चैतन्य' या शब्दाची व्याख्या पाठ म्हटली होती. त्या सकाळी तो शब्द त्याला उच्चारता येईना. त्याने नकळत हात जोडले.

मग त्याने विचारले, "या बाजूला एक पान नव्हतं, गुरुजी. मग हिला अन्न दिलं कुणी?"

"त्या बाजूने," गुरूंनी रस्त्याकडे बोट दाखवले. "पानांशिवाय झाडाचा स्वयंपाक होत नाही. ही बाजू उघडी पडली, तेव्हा ती बाजू उन्हात उभी राहिली, रांधत राहिली आणि मुळांवाटे इकडे पाठवत राहिली. दोन्ही बाजू एकदम कापल्या असत्या, तर कुणी कुणाला जगवलं असतं?"

बाई ऐकत होत्या. त्यांनी हळूच विचारले, "बाबा, ही बाजू कापली तेव्हा त्या बाजूला काहीच झालं नसेल?"

"मूळ एकच आहे, माई. झालं नसेल कसं?"

"मग दिसलं का नाही?"

"ती वाळली असती, तर ही कुणाच्या जोरावर फुटली असती?"

बाईंचा हात त्या हिरव्या ठिपक्यांवर तसाच राहिला. डोळ्यांना धार लागली. "दोन वर्षं मी अंथरुणातून उठत नव्हते," त्या म्हणाल्या. "दुकानाला जाण्याआधी हे रोज माझ्या उशाशी पेज ठेवून जायचे. मी मुद्दाम ती निवू द्यायचे. संध्याकाळी आले की काही न बोलता परत गरम करायचे. आणि मी म्हणायचे, हा माणूस दगड आहे."

त्या दिवशी गाठोडे सुटले. नवऱ्याशी त्या काय बोलल्या, बोलल्या की नाही, ते गावाला कळले नाही. गावाने फार चौकशा केल्या, हेही सांगायला हवे. पण सकाळी चूल पेटवायला त्या स्वतः उठू लागल्या, एवढे शेजाऱ्यांना धुरावरून समजले.

पुढच्या फाल्गुनापर्यंत घराकडची बाजू कोवळ्या पाल्याने हिरवी झाली. गुरू पुन्हा करवत घेऊन आले आणि या वेळी रस्त्याकडच्या बाजूला जाऊन उभे राहिले. व्यापारी धावत आला. "बाबा, ही बाजू तर धड आहे! हिला कशाला हात लावता?"

"हिने फार दिवस सांभाळलं," गुरू म्हणाले. "आता हिचीही पाळी येऊ दे."

पहिली मोठी फांदी खाली पडली. व्यापारी तिच्याकडे एकटक पाहत राहिला. मागून पत्नी आली आणि तिने हात पुढे केला. "अहो, किल्ल्या द्या."

"कसल्या?"

"दुकानाच्या. उद्यापासून मी बसते."

"तू? आणि मी काय करू?"

"तुम्ही घरी राहा. मी आहे आता."

व्यापाऱ्याने कमरेच्या किल्ल्या सोडायला हात नेला. गाठ सुटेना. पत्नीने ती सोडवली आणि किल्ल्या घेतल्या. मग तो धिप्पाड माणूस छाटलेल्या पाल्यात बसला आणि त्याने हाक मारली, "भवान! अरे, माझ्या भवान!" त्या घरात मुलाचे नाव तीन वर्षांनी असे मोठ्याने ऐकू येत होते. ती मांडी घालून त्याच्याजवळ बसली आणि त्याचे डोके तिने छातीशी धरले.

शिष्य टोपली घेऊन पुढे झाला, तेव्हा गुरूंनी त्याला हातानेच थांबवले. "ते उठेपर्यंत राहू दे पाला," ते म्हणाले. दोघे कुंपणाच्या आडोशाला उभे राहिले. शिष्याने त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी कुटीसाठी कांबळे आणायला तो बाजारात गेला. लोकरीच्या दुकानात गादीवर त्या बाई बसल्या होत्या. परगावचे एक जुने गिऱ्हाईक समोर उभे होते. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि सहज विचारले, "आज शेठजी दिसत नाहीत?"

"घरी आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांचा मुलगा गेलाय."