गिटारने निवडलेली तार

वाद्यं आपापल्या तारा स्वतः निवडत, त्या काळी इलेक्ट्रिक गिटारसाठी एक नियम होता: तार खरखरीतच लावायची, का, ते विचारायचं नाही. पण त्या तारेवर बोट सरकलं की चर्रर्र आवाज होई आणि गिटारच्या संथ गाण्याचा पार विचका होई. एके दिवशी तिने वर गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळलेली, गुळगुळीत तार मागितली.

"अगं कारटे, आवाज मऊ पडेल! मग तुला विचारणार कोण?" सारंगीआजी कडाडल्या. सतारमावशींनीही मान डोलावली.

"आजी, तुमची आतड्याची तात तर केवढी गुळगुळीत! मऊ आवाज तुम्हाला शोभतो, मग मलाच का नाही? मी खरखरीत तार लावणार नाही."

आजींनी आपल्या तातीकडे पाहिलं. सतारमावशींनी गुळगुळीत तार गिटारपुढे सरकवली.