शहाळ्यातल्या वाटा

"बाई, आता यात कमी काय आहे, तेवढंच सांगा!"

यशोधनने पडद्याकडे बोट केलं. पडद्यावर वैजयंता कोरेचा मेंदू होता. मज्जातंतूंच्या वाटा कशा लखलखीत, कुठे डाग नाही की खरखर नाही.

विभागप्रमुख केळुसकर बाईंनी चष्मा वर केला, खाली केला.

"कानाजवळचा अंधार कुठे गेला रे?"

"घालवला!" स्वारी भलतीच खुशीत होती.

का नसावी? त्यांच्याकडचं एमआरआय मशीन इतरांच्या मशीनपेक्षा कितीतरी जोरदार चुंबकाचं. मेंदूतलं पाणी कुठल्या दिशेला झिरपतं ते मोजायचं आणि त्यावरून मज्जातंतूंच्या वाटा काढायच्या, हे यशोधनचं काम. चुंबक जोरदार, म्हणून चित्रही बारीक. पण कानाजवळच्या हाडात हवेच्या पोकळ्या असतात. तिथे मात्र हेच चुंबक रुसतं. चित्र वेडंवाकडं होतं, काळं पडतं. भलेभले तिथे हात टेकतात, आणि या पठ्ठ्याने एक प्रोग्रॅम लिहून काढला. ढिगाने मेंदू दाखवून त्याला असं पढवलं, की काळी जागा तो आपली आपणच भरून काढायचा.

वैजयंताची गाठ नेमकी त्या काळ्या जागेला लागून होती. ती एसटी स्टँडवर गाड्या पुकारायची. बोलण्याची वाट गाठीपासून किती लांब आहे, हे याच चित्रात बघून सर्जन दुसऱ्या दिवशी सुरी चालवणार होते. यशोधनच्या चित्रात ती वाट चांगली हातभर दूर दिसत होती म्हणा ना.

"गाठ सगळी निघेल, बाई. अगदी निर्धास्त."

बाईंनी टेबलाकडे पाहिलं.

टेबलावर एक शहाळं होतं. वैजयंताचा नवरा स्टँडबाहेर शहाळ्यांची हातगाडी लावतो. सकाळी बायकोला आणताना सगळ्यांसाठी घेऊन आला होता बिचारा. बाईंनी ते उचललं, पदराने पुसलं आणि यशोधनच्या हातात दिलं.

"हे मशीनमध्ये ठेव."

"काय?"

"शहाळं. पेशंटचं डोकं ठेवतोस ना, तिथे."

आता काय बोलावं या बाईंना! तो हसणार होता, पण बाईंच्या तोंडावर हसू नव्हतं. मुकाट्याने त्याने शहाळं आत ठेवलं.

मशीन धडधडलं. चित्र आलं. कडेला मलई, मधे पाणी, वरच्या अंगाला हवेचा बुडबुडा आणि बुडबुड्याभोवती काळा डाग.

"आता तुझा प्रोग्रॅम लाव."

त्याने लावला.

काळा डाग गेला. आणि शहाळ्याच्या पाण्यातून मज्जातंतूंच्या वाटा निघाल्या. पुढून मागे, वरून खाली, ऐटीत वळणं घेत. त्यातली एक तर थेट बोलण्याची वाट.

...

"शहाळं बोलतं का रे?" बाईंनी विचारलं.

यशोधनने वैजयंताचं चित्र पुन्हा उघडलं. वैजयंताच्या डोक्यातली ती सुंदर वाटही अशीच भरून काढलेली होती. खरी वाट कुठे होती, कोण जाणे. आणि उद्या तिच्यावरूनच सुरी फिरली असती...

"बाई, ऑपरेशन—"

"थांबवलंय. तू शहाळं आत ठेवायला गेलास, तेव्हाच सर्जनना फोन केला. तिला पुन्हा आत घेऊ."

 यशोधनला आयुष्यात कुणाचा इतका राग आला नव्हता आणि कुणाचे इतके पाय धरावेसे वाटले नव्हते. दोन्ही एकाच बाईंच्या बाबतीत.

वैजयंताला पुन्हा आत घेतलं. या खेपेला कानाशी ओल्या भुकटीच्या पिशव्या उशीसारख्या खोचल्या, म्हणजे तिथवर मशीनच्या रेडिओ लहरी नीट पोचतात. मग चित्र एकदा सुलट घेतलं, एकदा उलट. दोन्ही एकमेकांवर ताडली की वाकडेपण बरंचसं निघतं. वेळ लागला. ती बिचारी हलली नाही.

चित्र आलं ते खरखरीत. पण बोलण्याची वाट दिसली. गाठीला अगदी बिलगून चालली होती.

"खाली अजून थोडा अंधार उरलाय," यशोधन हळूच म्हणाला.

"उरू दे. सर्जनना तसंच सांग, इथे आम्हाला दिसत नाही."

त्याने सांगितलं. जन्मात पहिल्यांदाच हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं असेल.

सर्जननी वाटेलगतचा गाठीचा पापुद्रा तसाच ठेवला आणि बाकीची काढली.

वैजयंता शुद्धीवर आली तेव्हा नवरा पायथ्याशी उभा होता आणि यशोधन दाराशी. तिचे ओठ हलले. आवाज नाही...

पुन्हा हलले.

"कऱ्हाडकडे जाणारी... विनाथांबा गाडी... फलाट क्रमांक पाचवर लागली आहे."

नवरा एकदम हसायला लागला आणि हसता हसता रडायला. यशोधनने भिंतीला पाठ टेकली आणि हुश्श केलं. डोळे पुसायचंही त्याला सुचलं नाही.

तो परत आला तेव्हा बाई शहाळ्यात स्ट्रॉ घालून बसल्या होत्या.

"बोलली, बाई! चांगली खणखणीत बोलली!"

"कळलं. फोन आला होता."



"बाई... तो प्रोग्रॅम मी आत्ता पुसून टाकतो."

बाईंनी शहाळं तळापर्यंत संपवलं.

"पुसू नकोस. रोज सकाळी आधी त्याला शहाळं दाखव."