झिपरीचा पाडाचा आंबा

एक होती खार. एवढीशी. तिचं नाव झिपरी.

झिपरी छोटी आणि शेपटी मोठी. लांबून बघितलं तर शेपटीच चालली आहे असं वाटायचं.

उन्हाळा नुकताच लागला होता. मळ्यात आंब्याचं झाड होतं. झाडभर कैऱ्या. हिरव्या हिरव्या, आंबट आंबट.

एके सकाळी काय झालं? टप्प.

एक आंबा खाली पडला. पिवळाधमक. झाडावरच आपला आपण पिकलेला. त्याला म्हणतात पाडाचा आंबा. आणि पाडाचा आंबा ज्याला सापडेल त्याचा. मळ्यात सगळ्यांना हे ठाऊक असतं.

तो सापडला झिपरीला. तिने तो वाळल्या पानांत लपवला आणि गेली मिशा पुसायला. एवढा मोठा आंबा खायचा, तर मिशा नकोत का स्वच्छ?

आली तर काय? पानं आहेत. आंबा नाही.

झिपरीला रडू आलं. थोडंसं रडली. मग आला राग. शेपटी फुगली फुस्स.

आंबा नेला होता मळ्यातल्या हौसाकाकूने. काकूने पाटी भरून कैऱ्या वेचल्या, त्यांच्याबरोबर तोही उचलला आणि घातला आढीत. आढी म्हणजे गवताची गादी. कैऱ्या तिच्यात झोपतात आणि पिवळ्या होऊन उठतात. झिपरीने वास घेत घेत माग काढला.

निघाली झिपरी. तुरुतुरु तुरुतुरु.

"काकू काकू, माझा आंबा दे."

काकू अंगणात कुरडया घालत होती. ती म्हणाली, "अगं बाय, पाडाचा होता व्हय? चुकलंच माझं. पिकलेला आंबा आढीत कोण घालतं? पण माझे हात बघ, कुरडयांच्या चिकाने बरबटलेत. असल्या हाताने आढी उघडत नाहीत. हात धुवायला पाणी आण."

निघाली झिपरी. तुरुतुरु तुरुतुरु. गेली विहिरीकडे.

"विहिरी विहिरी, पाणी दे.
काकू आढी उघडीना,
माझा आंबा मला मिळेना."

विहीर खोल. तिचा आवाजही खोल. "बादली आहे, दोर नाही. दोर आण, पाणी ने."

निघाली झिपरी. तुरुतुरु तुरुतुरु. गेली गोठ्यात. दोर तिथेच होता.

"दोरा दोरा, चल ना.
विहीर पाणी देईना,
काकू आढी उघडीना,
माझा आंबा मला मिळेना."

दोर म्हणाला, "कसा येऊ? माझ्यावर गोऱ्हा बसलाय. आधी त्याला उठव."

गोऱ्हा म्हणजे गाईचा लेक. गुबगुबीत आणि महाआळशी.

"गोऱ्ह्या गोऱ्ह्या, ऊठ ना.
दोर जागचा हालेना,
विहीर पाणी देईना,
काकू आढी उघडीना,
माझा आंबा मला मिळेना."

गोऱ्ह्याने एक डोळा उघडला. "रोज रोज वाळका कडबा. मला हिरवं गवत हवं. मग उठतो." आणि डोळा मिटला.

निघाली झिपरी. तुरुतुरु तुरुतुरु. गेली खळ्यावर. तिथे बाळनाथकाका उभा होता. उंच तिवईवर, हातात गव्हाची पाटी.

"काका काका, गवत काप.
गोऱ्हा काही उठेना,
दोर जागचा हालेना,
विहीर पाणी देईना,
काकू आढी उघडीना,
माझा आंबा मला मिळेना."

काका म्हणाला, "मी गहू उफणतोय. भूस उडायला वारं लागतं, आणि वारं तर पडलंय. गहू झाल्याबिगर मी खाली उतरायचा नाय. जा, वाऱ्याला सांग."

आता वारा कुठे शोधायचा? झिपरीने इकडे बघितलं. तिकडे बघितलं. मग कडुनिंबावर चढली. सरसर सरसर. अगदी शेंड्यावर.

तिथे वारा झोपला होता. घुर्रर घुर्रर.

"वाऱ्या वाऱ्या, वाहा ना.
काका गवत कापीना,
गोऱ्हा काही उठेना,
दोर जागचा हालेना,
विहीर पाणी देईना,
काकू आढी उघडीना,
माझा आंबा मला मिळेना."

वारा म्हणाला, "छे बाई. बाहेर केवढं ऊन. मला उकडतंय."

ऐकलंत? वाऱ्यालाच उकडतंय. आता काय करायचं?

झिपरीने विनवणी केली नाही. ती रडलीही नाही. तिने आपली शेपटी उचलली आणि घातली वाऱ्याच्या नाकात.

वाऱ्याला नाक असतं का? असतं तर.

गुदू गुदू गुदू.

"आ... आ... आ... आक्छू."

मग काय झालं?

सूंऽऽ सुटला वारा.
भुर्रर उडालं भूस.
काकाचा गहू झाला.
काका उतरला, चर्र चर्र गवत कापलं.
गोऱ्हा उठला, कचर कचर खाल्लं.
दोर सुटला, बादलीला अडकला.
बादली गेली डुबुक.
विहिरीने पाणी दिलं.
काकूने हात धुतले. कोरडे केले.
काकूने आढी उघडली.

गवत बाजूला केलं. एक कैरी. दुसरी कैरी. आणि मधोमध पिवळाधमक आंबा. झिपरीचा आंबा.

काकूने तो दोन्ही हातांनी झिपरीपुढे ठेवला. "घे बाय. तुझा तुला."

झिपरीने आंब्याला मिठी मारली. आंबा केवढा, ती केवढी. दोन्ही हात पुरेनात.

सगळे बघायला जमले. गोऱ्ह्याने जीभ काढली. काका म्हणाला, "एक फोड मला दे की गं."

झिपरी म्हणाली, "नाही."

आणि तिने खाल्ला. चुटूक चुटूक. सगळा खाल्ला. नाक पिवळं, पोट पिवळं, शेपटी पिवळी. मग ती कोयीवर उभी राहिली, मान वर केली आणि साऱ्या मळ्याला ऐकू जाईल अशी ओरडली,

"चिक् चिक् चिक्! मी मिळवला, मी खाल्ला!"

तिचा आंबा तिच्या पोटात. आता तुमचा घास तुमच्या पोटात. आ करा बघू.